वहिनीनं सोडलेलं तूप

वहिनी,

तुझा तुपाचा डबा सांगलीच्या घरात फडताळात तसाच आहे. तू पडलीस त्याच्या आदल्या आठवड्यात कढवून पाठवलेलं तूप. मंगल दर दोन दिवसांनी विचारते, "आवं, काढू का ह्यातलं? किती दिस ठेवायचं?" मी काही बोलत नाही. मी बोलत नाही, हे तुला नवीन नाही.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल बोलले. भावकीतल्या बायका तुझ्या हाताच्या चवीबद्दल बोलल्या, दादा दारात बसून म्हशीशीच बोलत होता. मीच काय तो गप्प. लोकांना वाटलं, मिलिट्रीतला माणूस, घट्ट आहे. घट्ट कसला! मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तू असताना. ते झालं नाही. म्हणून आता लिहितो. तू वाचणार नाहीस, म्हणूनच बहुतेक लिहिता येतंय.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी नववीत होतो. भरतीला पहिल्यांदा साताऱ्याला गेलो, तेव्हा वजनात बसलो नाही आणि छाती फुगवून फुगवून डोळ्यापुढं अंधारी आली तरी माप भरलं नाही. परत आलो आणि गोठ्याच्या मागं जाऊन बसलो. तू शेणाची पाटी घेऊन आलीस. मला बघितलंस, पाटी खाली ठेवलीस.

"छाती भरली न्हाई व्हय?"

"न्हाई."

"मग भरूया की. त्यात रडायचं काय रं? बैलाला पेंड घालतोय तसं तुला घालते."

आणि घातलंस. आपल्या घरातलं दूध डेअरीला जायचं. मागं राहायचं ते आधी आबांना, मग दादाला. बायकांच्या वाटणीला चहात घालण्यापुरतं. ते तुझ्या चहातलं दूधसुद्धा माझ्या पेल्यात आलं. आईला कळू नये म्हणून तू भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडायचीस आणि पापुद्रा पुन्हा बसवायचीस. वरून भाकरी कोरडी. मी मान खाली घालून खायचो. पुढच्या भरतीला छाती भरली. ही हाडं, हे अंग घेऊन मी सीमेवर उभा राहिलो, ते कुणाच्या वाटणीचं होतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तोंडानं कधी म्हटलं नाही.

मग शेजारच्या गावात एका घरी पोरगं तिरंग्यात गुंडाळून आलं. माझी पोस्टिंग तेव्हा वर सीमेवरच होती. तुला वाटलं, ह्याला आपणच खाऊ घालून धाडलं. तू भैरोबाच्या देवळात गेलीस आणि नवस बोलून आलीस. मला ते कळलं सुट्टीवर आल्यावर, ताटावर. तू मला तूप वाढत होतीस. मी म्हटलं, "तू बी घे की." आई चुलीपासून म्हणाली, "ती न्हाई खात. दूध-तूप सोडलंय तिनं. तुझ्यापायी."

माझं तोवर लग्न झालं होतं आणि तू मला अहो-जाहो करायला लागली होतीस. "तुमी कायमचं घरला या, भावजी," तू म्हणालीस. "तुमच्या हातनं पयला घास खाईन. तवर न्हाई."

मी हसलो. "वहिनी, बंदुकीच्या गोळीला काय कळतंय, गावाकडं कोण तूप खातंय नि कोण न्हाई?"

"गोळीला न्हाई कळत. भैरोबाला कळतंय."

"आणि कढवताना वास घेतीस तो? तो चालतोय व्हय तुझ्या भैरोबाला?"

"वास त्यालाबी येतोय. त्यो काय नाक धरून बसलाय का?"

सगळे हसले. हसण्यावारी गेलं, ते कायमचं गेलं. आपल्याकडं बायका काही ना काही सोडतातच. कुणी गूळ सोडतं, कुणी वांगं, कुणी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून पायात चप्पल घालायचं सोडतं. पुरुषानं कुणासाठी काय सोडलं, हे मला आठवून बघितलं तरी आठवत नाही.

तू मात्र तूप कढवायचं सोडलं नाहीस. साय साठवायची, विरजायची, घुसळायची, लोणी कढवायचं. पाण्याचा थेंब टाकून चटचट आवाज आला की उतरवायचीस. मग बोटं राखेनं खसखसून धुवायचीस, चुकून तोंडात जायला नको म्हणून. आणि चाखता येत नव्हतं, म्हणून मला विचारायचीस. "भावजी, तूप कसं झालंय?" सुट्टीवर आलो की पहिल्याच जेवणाला विचारायचीस. पुढं फोनवरसुद्धा. मी म्हणायचो, "बरं हाय."

बस्स. इतकंच.

मधे एका सुट्टीत घरी आलो, तर तू खाटेवर. ऑपरेशन झालं म्हणाले. मी विचारलं, "कसलं?" आई म्हणाली, "बायकांचं." पुढं पुरुषानं विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. दादालाही नीटसं माहीत नव्हतं. पिशवी काढली होती. तुझी चाळिशीही झाली नव्हती. अंगावर जातंय, काढून टाका, कटकट मिटंल, असं कुणीतरी सांगितलं आणि काढली. तू पंधरवड्यात पुन्हा गोठ्यात. तुझ्या आत काय संपलं आणि त्याबरोबर हाडांचा कुठला आधार गेला, हे तुला कुणी सांगितलं नाही. मला तर सांगायचा प्रश्नच नव्हता.

मग मी पेन्शनीवर आलो. तो दिवस मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

दादानं फाट्यावर हलगी आणली होती. तू ताट केलं होतंस. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरणभात, आणि वाटीत तूप. वाटी माझ्या ताटात न ठेवता शेजारी ठेवली होतीस. तू दाराला टेकून उभी, आई कौतुकानं बघतेय, मंगल पोरांना घेऊन बसलेली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. घास मोडायचा, तुपात बुडवायचा, तुझ्या तोंडात घालायचा. मिटलं असतं.

पण मी सांगलीला कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी ठरवूनच आलो होतो. खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मी म्हटलं, "वहिनी, सांगलीला काम बघितलंय. थोडी वर्षं. पोरांची शाळा होईतवर."

तू खाली वाकून वाटी उचललीस. "मग अजून कायमचं न्हाई."

"आगं, जिता आलोय की! झालं की तुझ्या मनासारखं. खा आता."

"मी भैरोबाला जिता म्हणलं न्हवतं, भावजी. कायमचा म्हणलं हुतं. खोटा घास न्हाई चालायचा."

आपला वाद तो एवढाच, आणि तो पुढं इतकी वर्षं चालला. मी गावी आलो की तू विचारायचीस, "आलासा कायमचं?" मी म्हणायचो, "पुढल्या वर्षी." मग मी तुझ्या नवसाला नावं ठेवायचो, अडाणी म्हणायचो, तू माझ्या सांगलीला नावं ठेवायचीस. "तितं काय हाय बाई असं? नळाचं पाणी नि डास!" तू हसायचीस. मीही हसायचो.

खरं एका वाक्याचं होतं. मला परत यायचंच नव्हतं. सांगलीत मला बरं वाटत होतं. दादाबरोबर एका वावरात राबायचं नव्हतं, भावकीच्या बांधाच्या भांडणात पडायचं नव्हतं. हे मी सरळ बोललो असतो, तर तू रडली असतीस, चार दिवस बोलली नसतीस. मग चिडून का होईना, देवाची माफी मागून नवस मोडला असतास. मला तुझं रडणं बघायचं नव्हतं. म्हणून मी तुला आशेवर ठेवलं. आशेवर माणूस जगतं म्हणतात. हाडं जगत नाहीत.

गोठ्यात पाय घसरून तुझं मनगट मोडलं, तेव्हा मी तुला सांगलीला आणलं. हाडांच्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "पाळी कधी गेली, काकू?" तू पदर ओढलास, माझ्याकडं बघितलंस. मी उठून बाहेर गेलो. तुला कानकोंडं व्हायला नको म्हणून गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मीच कानकोंडा झालो होतो.

आत आलो, तेव्हा खाण्यापिण्याचं चाललं होतं. "दूध, दही, ताक, तूप घेता ना?"

"घेते की सगळं," तू म्हणालीस. "घरात दोन म्हशी हायत."

आणि पुन्हा माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीवर टांगलेल्या सापळ्याच्या चित्राकडं बघत बसलो. तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी नाही उघडलं. सांगितलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, कशासाठी सोडलंय? मग माझं नाव आलं असतं.

बाई समजावून सांगत होत्या. पाळी गेली की बाईची हाडं भरभर झिजायला लागतात, तुमची तर फार लवकर गेली. नुसत्या कॅल्शियमनं भागत नाही, ते हाडापर्यंत न्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि तुमचं तेच फार कमी आहे. ही आठवड्याची एक गोळी. उपाशीपोटी घेऊ नका. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, जेवणात थोडं तेल-तूप असलं तर अंगी लागतं. तू मान हलवत होतीस. मीही हलवली.

एसटी स्टँडवर बसलो होतो. मी रागानं म्हटलं, "सांगितलं का न्हाईस गं त्यांना?"

"तुमी का न्हाई सांगितलं?"

मी उठून भडंगाची पुडी घेऊन आलो. तू एका हाताला प्लास्टर घेऊन, दुसऱ्या हातानं त्यातले शेंगदाणे वेचून माझ्या तळहातावर ठेवत होतीस. "घ्या, तुमास्नी आवडत्यात." चुरमुरे तू खाल्लेस. शेंगदाणे मी खाल्ले. ही पुडी मला आता सुखानं काही खाऊ देत नाही. का ते पुढं सांगतो.

त्यानंतर एकदा मी गावी होतो, सोमवार होता. तू पाकिटातली ती आठवड्याची गोळी काढलीस आणि कोऱ्या चहाबरोबर गिळलीस. तुझा सोमवार कडक, दिवस मावळेपर्यंत चहाशिवाय काही नाही. मी बघत होतो.

"सोमवारी घेतीस व्हय?"

"सोमवारी घेतली की इसरत न्हाई. महादेवाचा वार."

हेसुद्धा मी ऐकून घेतलं. उपाशीपोटी नको म्हणाल्या होत्या, हे मला लख्ख आठवत होतं. पण जेवणाचं बोलणं काढलं की तुपावर जाणार, तुपावर गेलं की "आलासा कायमचं?" येणार. मी पेपर उघडला. पुढच्या तपासणीला जीवनसत्त्व नावाला हललेलं. डॉक्टरबाई गोंधळल्या, "गोळ्या घेताय ना नक्की?" तू म्हणालीस, "घेते की, एक चुकवली न्हाई." खोटं काहीच नव्हतं त्यात. मी शेजारीच बसलो होतो.

मग तू उंबऱ्यात पडलीस. पडलीस म्हणून खुब्याचं हाड मोडलं, की हाड मोडलं म्हणून पडलीस, हे साताऱ्याच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ऑपरेशन नीट झालं. पण तू उठली नाहीस. पडून पडून छातीत कफ भरला. जन्मात दिवसा आडवी न झालेली बाई.

दुपारी नर्सनं कपात दूध आणून दिलं. दादा खाली औषधं आणायला गेला होता. मी चमचा भरला. तू ओठ मिटलेस आणि माझ्याकडं बघितलंस. मग कितीतरी वर्षांनी मला एकेरी हाक मारलीस.

"आलास का रं कायमचा?"

मी म्हटलं, "व्हय वहिनी. आलो. नोकरी सोडली. आता हितंच."

तू हसलीस थोडीशी. "तुला खोटं बोलाय येत न्हाई," म्हणालीस आणि तोंड भिंतीकडं केलंस.

ते दूध मी बेसिनमध्ये ओतलं.

स्मशानात कुणीतरी म्हणालं, तोंडात तूप घाला. दादा पाठ फिरवून लांब बसला होता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. घाईत कुणी दुकानातली तुपाची पिशवी आणली होती, दातानं कोपरा फाडलेली. घरी तुझं तूप होतं, कुणाला सुचलं नाही. जिनं जन्मभर गावाला पुरेल एवढं तूप कढवलं, तिच्या ओठांवर मी पिशवीतलं तूप सोडलं. आत गेलंच नाही. ओघळून गळ्यावर आलं. मी ते पदरानं पुसलं. वहिनी, तो घास नव्हता. तू त्याला घास मानू नकोस.

तेराव्यानंतर मी मंगलला घेऊन त्याच डॉक्टरबाईंकडं गेलो. तिचे गुडघे धरतात, पाठ धरते, ती किती दिवस सांगत होती. "पाळी कधी गेली?" बाईंनी विचारलं. मंगलनं माझ्याकडं बघितलं. या वेळी मी उठलो नाही. दोन वर्षं झालीत, वहिनी. एका घरात राहून मला तिथं कळलं.

मग मी बाईंना तुझं सगळं सांगितलं. नवस, कोरा चहा, सोमवार, सापळ्याचं चित्र. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी मी विचारलं, "मी बोललो असतो तर वाचली असती का?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "लवकर गेलेली पाळी, अंगानं बारीक, मुळात वर्षानुवर्षांची झीज. एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. हाडं सुधारली असती एवढं नक्की." मग म्हणाल्या, "पण नवस मोडायची काहीच गरज नव्हती हो. तूपच कशाला हवं होतं? रात्रीच्या जेवणानंतर गोळी, आणि भाजीला चमचाभर तेलाची फोडणी. नाहीतर मूठभर शेंगदाणे. तेवढ्यानं गोळी अंगी लागली असती. दुधाऐवजी नाचणी, तीळ सुचवले असते. मला कुणीतरी सांगायचं होतं फक्त."

मूठभर शेंगदाणे, वहिनी.

भैरोबाचा शब्द राहिला असता. माझं खोटंही झाकलेलं राहिलं असतं. मी ज्याच्या भीतीनं तोंड शिवून बसलो, त्याची गरजच नव्हती. आणि तू त्या दिवशी स्टँडवर एकेक दाणा वेचून माझ्या हातावर ठेवत होतीस.

घरी आल्यावर मी मंगलला म्हटलं, मी तूप सोडतो. वहिनीच्या नावानं.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत, तोंड सुटलं. "सोडा की! तुमी सोडा, मग तुमच्यासाठी मी सोडते, माझ्यासाठी उद्या सून सोडंल. घरभर हाडं मोडून घेऊया. आवं, त्यांनी सोडलं तवा तुमास्नी खायाला घातलं. तुमी सोडून कुणाला घालणार हाय?" मग तिनं तुझा डबा काढला, झाकण उचकटलं, आणि मला न विचारता भाकरीचा पापुद्रा उचलून आत चमचाभर सोडलं. हे तिला तूच शिकवलं असणार. मी तिची भाकरी ओढली आणि तिच्याही पापुद्र्यात सोडलं. खाल्लं तिनं.

तेव्हा दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात, त्या सांगतो.

मी कायमचा येणार नाही, वहिनी. येणारच नव्हतो. पेन्शनीवर आलो त्या दिवशीही नव्हतो. तू वाट बघायला नको होतंस, आणि मी तुला तसं सांगायला हवं होतं.

दुसरी तुपाची. रवाळ झालंय. चमच्यावर धरलं की दाणा दिसतो. थोडं जास्तच कढलंय, तळाच्या बेरीचा खमंग वास उतरलाय त्यात. मला असंच आवडतं, लहानपणापासून. मी हे तुला कधी बोललो नव्हतो, तरी तू दर वेळी असंच कढवत आलीस, न चाखता. आणि मी दर वेळी म्हणालो, बरं हाय.

बरं न्हाई, वहिनी. लय चांगलं झालंय.